नऊ एकरांतलं वाळवण : एका लहान कॉफीमळ्याचं प्रकरण

हे प्रकरण चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. गाव आणि नावं मुद्दाम गाळली आहेत, आकडे सोयीसाठी पूर्णांकात धरले आहेत. मी पुण्यात कॉफी भाजण्याचा लहानसा व्यवसाय करते. माहेर निपाणीचं असल्यामुळे कन्नड येतं, आणि या कुटुंबाशी गाठ पडली ती त्यामुळेच. मी त्यांची कॉफी विकत घेणारी आहे, म्हणजे या प्रकरणात तटस्थ नाही. काही चुका माझ्या आहेत, त्या जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

पार्श्वभूमी

बाबाबुडनगिरीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर या कुटुंबाचा नऊ एकरांचा मळा आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधल्या मोखा बंदराहून सात बिया आणून याच डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. घरात पंचावन्न-छप्पन वर्षांचे अण्णा, अक्का आणि बंगळूरची नोकरी सोडून परत आलेली त्यांची मुलगी. सहा एकरांत अरेबिका, बाकीच्यात रोबस्टा (या कॉफीच्या दोन मुख्य जाती) आणि थोडी सुपारी. वर सिल्व्हर ओकची सावली, त्याच्या खोडांवर मिरीचे वेल. अरेबिकात जुनी झाडं एस-७९५ या वाणाची, तर मधूनमधून नव्याने लावलेली चंद्रगिरी. हा वाण बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला.

सहा एकरांतून चांगल्या वर्षी पार्चमेंटची चोवीस-पंचवीस पोती निघतात. पार्चमेंट म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली, पण टरफलासकट असलेली बी. पोतं ५० किलोचं. ते व्यापारी उचलतो, पुढे क्युरिंग वर्क्समध्ये टरफल निघतं, प्रतवारी होते, आणि माल कुठल्या तरी मोठ्या ढिगात मिसळून जातो.

हे मिसळून जाणं जुनं आहे. १९९६ पर्यंत केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाच्या एकत्रित खरेदीची पद्धत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात चालू होती. माल बोर्डाकडे द्यायचा, पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. छोट्या शेतकऱ्याला विक्रीची चिंता नसे, हे त्या पद्धतीचं मोठं देणं. पण आपली कॉफी कोणाच्या कपात गेली आणि कशी लागली, हे कळायचं कारणच नव्हतं. अण्णांनी वडिलांच्या हाताखाली काम शिकलं ते त्या काळात. झाड कसं जपायचं यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नसेल. चव मात्र त्यांच्या कामाचा भाग कधी नव्हतीच. घरी प्यायला ठेवायची ती गाळलेली, फुटकी बी, चिकोरी घालून, गुळाची.

अडचण

व्यापारी दर ठरवतो तो ओलाव्यावर आणि उताऱ्यावर. उतारा म्हणजे शंभर किलो पार्चमेंटमधून किती किलो चांगली बी निघेल. फळ लालबुंद झाल्यावर तोडलं की अर्धं कच्चं तोडलं, याने पोत्यामागे फारसा फरक पडत नाही. उलट पिकलेलं तेवढं वेचत बसलं तर मजुरी वाढते.

खर्च वाढत होताच. अरेबिकाचा कायमचा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. सावली कमी झाली, खोडावर ऊन पडलं की तो शिरतो, आणि शिरल्यावर झाड उपटून जाळण्यावाचून इलाज नसतो. त्या वर्षी अण्णांनी नव्वदच्या वर झाडं जाळली. त्यांतली काही त्यांच्या वडिलांनी लावलेली होती.

मुलीच्या डोक्यात स्पेशालिटी कॉफी होती. चव तपासणारे प्रशिक्षित लोक शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा त्याहून जास्त गुण मिळाले आणि कच्च्या बियांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दोष नसले, तर ती स्पेशालिटी. २०२३-२४ च्या हंगामात तिने सहाशे किलो फळ 'नॅचरल' पद्धतीने वाळवलं, म्हणजे गर न काढता अख्खं फळ वाळवलं. नमुना माझ्याकडे आला. मी चव तपासायला पाच कप मांडले, वर तरंगणारा कॉफीचा थर चमच्याने मोडला, आणि त्यातल्या दोन कपांतून पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा वास आला. बुरशी. उरलेले तीन कप मात्र विलक्षण होते. पिकलेल्या जांभळासारखा गोडवा, शेवटी किंचित तुरट. बी चांगली होती, वाळवण बिघडलं होतं.

फोनवर विचारलं तेव्हा कळलं, सिमेंटच्या खळ्यावर चार-चार बोटं जाड थर घातला होता. वरचं फळ वाळलं, खालचं घामेजून राहिलं. आपल्याकडे कुरडया घालणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण धुतलेलं पार्चमेंट अशा थरात चालून जातं, त्यामुळे अण्णांच्या घरात कोणाला शंका आली नाही.

समोरचे पर्याय

एप्रिल २०२४ मध्ये मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. फुलोऱ्याचा पाऊस होऊन गेला होता, झाडांवर हिरवे बारीक मणी धरले होते. दोन दिवस बोलणं झालं.

पहिला पर्याय जसं चाललंय तसं चालू ठेवण्याचा. तो कमी लेखण्यासारखा नव्हता. व्यापारी ओळखीचा, अडीअडचणीला उचल देणारा, माल दारातून नेणारा.

दुसरा पर्याय अण्णांच्या मेहुण्याने मांडला : अरेबिका काढा, रोबस्टा लावा. खोडकिड्याचा त्रास नाही, उत्पन्न जास्त, आणि २०२४ मध्ये रोबस्टाचा दरही उच्चांकावर होता. आसपासच्या अनेकांनी तेच केलं होतं. पण नव्या झाडांना धरायला तीन-चार वर्षं लागतात, आणि ११०० मीटरवरची जमीन म्हणजे अरेबिकाचं हक्काचं घर. अण्णा एवढंच म्हणाले की रोबस्टा खालच्या गावांनी करावा.

तिसरा पर्याय मुलीचा : सगळीच अरेबिका स्पेशालिटीत न्यायची, कर्ज काढून ड्रायर आणि छप्पर घालायचं. याला मी स्पष्ट विरोध केला. ज्या घराने एकही निर्दोष लॉट अजून काढलेला नाही, त्याने कर्ज काढणं मला धोक्याचं वाटलं. शिवाय तेवढा माल घेण्याची माझी ऐपत नव्हती, आणि दुसरा गिऱ्हाईक समोर नव्हता.

चौथा मार्ग अक्कांच्या बोलण्यातून आला. पुरणपोळ्या सगळ्या गावाला कोणी घालत नाही, पंगतीपुरत्या करतात, अशा अर्थाचं त्या काहीतरी म्हणाल्या. एकूण फळातून अठराशे किलो वेगळं काढायचं, बाकीचं नेहमीच्या वाटेने जाऊ द्यायचं. बिघडलं तरी घर बुडणार नाही. यावर सगळ्यांचं एकमत झालं.

काय ठरलं

जूनमध्ये कागद केला. अठराशे किलो फळ तीन लॉटमध्ये, हिरव्या बीला, म्हणजे टरफल काढलेल्या पण न भाजलेल्या बीला, किलोला ५२० रुपये. तेव्हा पार्चमेंटच्या पोत्याला १६ हजारांच्या आतबाहेर दर होता. टरफल गेल्यावर तो हिरव्या बीला किलोमागे साधारण ४०० पडतो. म्हणजे आम्ही तीस टक्के जास्त देत होतो. मी १८ हजारांची उचल दिली, त्यातून सुपारीच्या पट्ट्या आणि जाळी वापरून वाळवणाच्या बारा उंच खाटा झाल्या. खालून वारा खेळावा म्हणून खाटा, थर दोन बोटांपेक्षा जास्त नाही.

तोडणीचा निर्णय जास्त अवघड गेला. इथे तोडणीला उत्तर कर्नाटकातून आणि आसामातून आलेली कुटुंबं असतात, मजुरी किलोमागे. पिकलेलं तेवढंच तोडा म्हटलं की जिथे दिवसाला सत्तर-ऐंशी किलो भरतात तिथे चाळीस भरतील. त्यांनी आपली मजुरी का सोडावी? मुलीने किलोमागचा दर दीडपट करावा म्हटलं. अण्णांनी रोजंदारी सुचवली. किलोवर हिशेब राहिला तर हात कच्च्या फळाकडे जाणारच, त्यात त्या बाईचा दोष नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या तीन फेऱ्यांपुरती रोजंदारी ठरली. हा निर्णय पूर्ण बरोबर ठरला. तोडीच्या टोपल्यांत शंभरात चार-पाच फळंच कमी पिकलेली निघत होती, आणि तीही खाटेवर घालण्याआधी वेचली जात.

डिसेंबरचा पाऊस

पहिला लॉट, ६२० किलो, २६ नोव्हेंबरला तोडून नॅचरलसाठी खाटांवर घातला. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, आणि १ डिसेंबरपासून मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ पट्ट्यात, पाऊस सुरू झाला. ऐन तोडणीत आलेला हा पाऊस सगळ्या जिल्ह्याला नडला. झाडावरची पिकलेली फळं फुटली, गळून चिखलात पडली, खळ्यावरचं पार्चमेंट भिजलं.

आमचं फळ सहाव्या दिवशी होतं. साल सुरकुतलेली, आत अजून ओल. दुपारी मुलीचा फोन आला. तीन वाटा होत्या. गर काढून धुवायची वेळ निघून गेली होती, साल चिकटली होती. शेजारच्या मोठ्या इस्टेटीत ड्रायर होता, पण त्याचा ढोल भरायला आमचं फळ अपुरं, आणि त्या आठवड्यात त्यांचाच माल रांगेत. उरलं ते झाकून ठेवणं. मी म्हटलं, ताडपत्रीने झाका, पाऊस थांबला की काढा.

ताडपत्री कशी घालायची हे मी विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती थेट फळांवर पसरली गेली.

अक्कांना ते पटलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळी माजघरातली कपाटं भिंतीला सरकवली, खुर्च्या-टेबल ओसरीत काढली, आणि अर्धं फळ आत आणून जाळीवर पातळ पसरलं. माजघर आणि वरचा माळा मिळून दोनशे चौरस फूट, त्याहून जास्त जागा नव्हती. म्हणून अर्धंच. पहिल्या रात्री वीज गेली, पंखे बंद. तिघांनी पाळ्या लावून दर दोन तासांनी हाताने फळ फिरवलं. मुलीने मला पहाटे चारचा फोटो पाठवला होता : टॉर्चच्या उजेडात अण्णा उकिडवे बसलेले, दोन्ही तळवे जाळीवर सपाट ठेवून फळ पुढे लोटतायत. मागे भिंतीवर लग्नातला फोटो, खाली देवाची समई, आणि जमिनीवर दारापर्यंत काळपट लाल फळं. चार दिवस घरातली माणसं स्वयंपाकघरात जेवली आणि तिथेच झोपली.

पाऊस तीन दिवसांनी ओसरला. खाटांवरची ताडपत्री उचलली तेव्हा आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. फळाचीच वाफ वर जाऊन, थंड होऊन परत फळावर पडली होती. काही ठिकाणी पांढरी लव धरली होती.

एकाच झाडांचं, एकाच दिवशी तोडलेलं फळ दोन वाटांनी गेलं. त्यामुळे नंतर कप मांडले तेव्हा शंकेला जागा उरली नाही. घरात वाळलेल्या अर्ध्या लॉटला ८१.७५ गुण. ताडपत्रीखालच्याला गुण द्यायचा प्रश्नच नव्हता, पहिल्या घोटाला गोणपाट.

दुसरा लॉट, ८०० किलो, २० डिसेंबरला तोडून धुतलेल्या पद्धतीने केला : ८४.२५. तिसरा, ३८० किलो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्या थंड हवेत नॅचरल : ८४.५०. तो कप मी आजही विसरलेले नाही. जांभूळ होतंच, मागून खजुरासारखं काहीतरी आलं.

दराचा पेच

वाळवणाचं संकट सरलं तोवर दुसरं उभं होतं. ब्राझीलमधल्या दुष्काळाने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने १९७७ चा उच्चांक मोडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दर पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. चिकमगळूरला पार्चमेंटचं पोतं २६ हजारांना विकलं जाऊ लागलं. हिरव्या बीच्या हिशेबात किलोला ६५०. आमचा कागद ५२० चा.

म्हणजे रात्री जागून, घर मोकळं करून वाळवलेल्या कॉफीला, दणादण तोडलेल्या कॉफीपेक्षा किलोमागे १३० रुपये कमी मिळणार होते.

मुलीने फोन केला, पण पैशाचं बोलली नाही. व्यापारी येऊन गेला एवढंच म्हणाली. मीच अण्णांना फोनवर घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "मातु कोट्टिद्दीवि, तंगी." शब्द दिलाय, बहिणी. त्यांनी तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. कागदावर बोट ठेवून ५२० नेच घ्यायची. कायद्याने ते चुकीचं नव्हतं. दर पडला असता तर मीही ५२० दिलेच असते, त्यासाठीच ठरावीक दर असतो, हा युक्तिवाद माझ्या नवऱ्याने केला आणि तो खोटा नाही. दुसरी वाट, कागद फाडून त्यांना व्यापाऱ्याला विकायला मोकळं करायचं. तिसरी, दर नव्याने बांधायचा.

ठरावीक दराचा युक्तिवाद मला शेवटी पटला नाही, तो दोन्ही बाजूंच्या ताकदीतल्या फरकामुळे. मी माझ्या पाकिटाची किंमत वाढवू शकते, चार गिऱ्हाइकं जातील. त्यांचं पीक वर्षातून एकदा येतं. मोकळं करणं उदार दिसलं असतं, पण मग सगळे कष्ट त्याच ढिगात मिसळले असते, आणि पुढच्या वर्षी कोणी खाट मांडली नसती.

बाजारभाव ६५० आणि वर १२०, असे ७७० ठरले. साठ टक्के माल उचलताना, बाकी एप्रिलअखेर. माझ्या तीन कॅफेंना मी हिशेब उघडा करून दाखवला. दोघांनी वाढीव दर मान्य केला, एक गेला. दुसरीकडून घ्यायचा एक लॉट मला सोडावा लागला.

निष्पत्ती

तिन्ही लॉट मिळून २४५ किलो हिरवी बी निघाली. ७७० प्रमाणे १,८८,६५० रुपये. तीच व्यापाऱ्याला गेली असती तर १,५९,२५०. फरक २९,४००. यातून रोजंदारी, निवडणं आणि राखणीचा जादा खर्च गेला २४ हजार. ताडपत्रीखालचा माल व्यापाऱ्याने डागी म्हणून दर पाडून घेतला, तिथे नऊ हजारांचा फटका. म्हणजे पहिल्या वर्षी हाती काही लागलं नाही, उलट ३,६०० रुपये अंगावर आले. घरच्या तिघांच्या श्रमाचा हिशेब यात नाही. खाटांचाही नाही, त्या तीन-चार हंगाम टिकतील.

स्पेशालिटी कॉफीने लहान शेतकरी सुखी झाल्याच्या गोष्टी पाकिटांवर छापल्या जातात. त्या वाचताना मला हा ३,६०० चा आकडा आठवतो. तो लपवावा असं मला वाटत नाही.

मार्चमध्ये भाजलेली कॉफी घेऊन मी गेले. तिसऱ्या लॉटची, दूध-गूळ न घालता, साध्या गाळणीतून गाळलेली. अक्कांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला, ही आंबट आहे म्हणाल्या. अण्णांनी तीन-चार घोट सावकाश घेतले. मग विचारलं, ही कुठल्या बाजूच्या झाडांची? मुलीने सांगितलं, विहिरीच्या वरच्या अंगाची, जुनी एस-७९५. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ त्या बाजूला बघत उभे राहिले. चाळीस वर्षं ते त्या झाडांची छाटणी करतायत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी ताडपत्री. खाटेवर बांबूच्या कमानी बांधून वीतभर अंतर सोडून ती घातली असती, दोन्ही टोकं उघडी ठेवली असती, तर वाफ निघून गेली असती. बारा खाटांच्या कमानींना दोन दिवसांचं काम आणि मळ्यातलाच बांबू. तो अर्धा लॉट वाचला असता तर सुमारे ५० किलो बी जास्त मिळाली असती, डागी मालाचा फटका टळला असता, आणि ३,६०० च्या तोट्याऐवजी अकरा हजारांच्या आसपास शिल्लक पडली असती. वर्षाचा नफातोटा कमानींवर फिरला. या हंगामात त्या नोव्हेंबरच्या आधी बांधायच्या आहेत.

दुसरं, हंगामाच्या सुरुवातीला नॅचरल घ्यायलाच नको होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळं मलनाडपर्यंत पाऊस आणतात, हे तिथल्या कुणालाही ठाऊक आहे. मला नॅचरल आधी हवी होती, कारण पुण्यातली गिऱ्हाइकं तीच मागतात. माझी घाई त्यांच्या खळ्यावर उतरली. आता पहिला लॉट धुतलेला, नॅचरल जानेवारीत.

तिसरं, जूनमध्ये ठरावीक दर बांधणं. नव्या कागदात बाजारभाव अधिक १२०, आणि खाली ४५० ची हमी आहे, म्हणजे दर कोसळला तरी त्याखाली जायचं नाही. पावसाचं कलमही घातलंय : ठरलेल्या पद्धतीने वाळवूनही पावसाने लॉट ऐंशीच्या खाली गेला, तर तो बाजारभावाने मी घेणार. अण्णांनी हे कलम दोनदा वाचायला लावलं.

तोडणाऱ्या बायकांचा प्रश्न सुटलेला नाही. चवीचा पाया त्यांच्या हातांनी घातला, आणि वाढीव दरातलं त्यांच्याकडे काहीच गेलं नाही, फक्त रोज बुडाला नाही इतकंच. या वर्षी हिरव्या बीच्या प्रत्येक किलोमागे दहा रुपये बाजूला काढून शेवटच्या फेरीनंतर वाटायचे ठरले आहेत. अडीचशे किलोंचे अडीच हजार, आठ जणींत. हे पुरेसं नाही, हे अण्णांना मान्य आहे आणि मलाही.